पंचांग काढा, मग गाडी काढा

‘रानवाट’: वाचकांचे प्रश्न, कोल्हापूरहून उत्तरं

दोन अंकांपूर्वी या सदरात वेंगुर्ल्याच्या खाडीतल्या खारफुटीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. चारच. बाकीचं पान दाजीपूरच्या गव्यांनी खाल्लं होतं. पत्रं मात्र आली ती सगळी चिखलावर. गव्याबद्दल एकानंही विचारलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं, पण असो. या वेळी सगळं पान खारफुटीला.

नवीन वाचकांना आधीच सांगतो, मी प्राध्यापक नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. सर लोक नावं सांगायचे, मी फांद्या कापून रद्दीत दाबायचो. त्यामुळं माझं ज्ञान हाताला लागलेल्या गोष्टींचं आहे. लॅटिन नावं हवी असतील तर दुसरीकडं विचारा.

राजारामपुरीतून एक निवृत्त बँक कर्मचारी विचारतात: *दिवाळीत सहकुटुंब मालवणकडच्या एका खाडीत होडीतून फिरलो. माणशी पैसे मोजले. तासाभरात दिसलं काय, तर पाण्यातून वर आलेली हिरवी झुडपं. तुम्ही लिहिलेली पेन्सिलीसारखी मुळं नाहीत, खेकडे नाहीत, चिखलात उड्या मारणारे मासे नाहीत. आम्हाला फसवलं की तुम्ही फेकलंत?*

दोन्ही नाही साहेब. तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय की लक्ष्मीपूजन घरी करून पाडव्याला पहाटे निघालात आणि दुपारी साडेबाराला होडीत बसलात. तिथंच सगळं कळलं.

किनाऱ्यावरचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. पाडवा म्हणजे प्रतिपदा, एक. एकाची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता खाडी काठोकाठ. शिवाय आदल्याच दिवशी अमावस्या झालेली, म्हणजे भरतीसुद्धा उधाणाची. तुम्ही जे बघायला गेला होतात ते सगळं तुमच्या होडीच्या खाली होतं.

हा हिशेब मला आचऱ्याच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्यानं शिकवला. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि त्याच्यामागं पाणीही तेवढंच उशिरा येतं. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी एकापासूनच. अर्धापाऊण तास इकडंतिकडं होतो, खाडीत आत जावं तसा आणखी होतो, पण कोल्हापुरात बसून सहल ठरवायला एवढं पुरतं. भिंतीवर कालनिर्णय असतंच. आपण ते संकष्टी आणि दुधाचा हिशेब यांपलीकडं वापरत नाही, एवढंच.

आता तुम्हाला कधी जायला हवं होतं? पूर्ण ओहोटीला जाऊन उपयोग नाही, होडीच तरंगत नाही. उतरतं पाणी हवं. होडीखाली कमरेएवढं आहे आणि कडेचा चिखल उघडा पडत चाललाय, अशी वेळ. षष्ठीपासून दशमीपर्यंतच्या सकाळी त्याला चांगल्या. षष्ठीला भरती पहाटे साडेचारला, मग आठला होडीत बसा. दशमीला भरती साडेसातला, मग दहा-साडेदहाला. अष्टमीच्या आसपास पाणी उधाणासारखं चढतही नाही आणि उतरतही नाही. कोकणात त्याला भांगाची भरती म्हणतात. पण मुळं दिसायला तेवढं उतरणं बास आहे, आणि नवख्या माणसाला भांगाचं पाणी शांत बरं.

आता माझीही फजिती ऐका, म्हणजे तुमचा राग जाईल. १९९४ साली अडतीस पोरापोरींची सहल घेऊन आम्ही आचऱ्याला गेलो. होड्या ठरवायचं काम माझ्याकडं. दिवस पौर्णिमेचा. मी घड्याळ बघितलं, तिथी नाही. जेवणं आटोपून, चहा घेऊन साडेचारला होड्या सोडल्या. बाराला भरती झालेली, म्हणजे पाणी परतीच्या वाटेला लागून साडेचार तास झालेले. म्हाताऱ्यानं सांगितलंही, “मास्तरांनू, पाणी कोणाच्या बापाचा ऐकना नाय.” मला वाटलं, जास्त पैसे मागतोय. सव्वापाचला एका अरुंद फाट्यात तिन्ही होड्या चिखलात बसल्या. ढकलायला म्हणून मी शूरपणे खाली उडी मारली आणि गुडघ्याच्या वर आत गेलो. मला दोघांनी ओढून काढलं. पायातली नवी कापशी चप्पल आली नाही. डाव्या पायातली तर अजून तिथंच आहे.

साडेआठपर्यंत आम्ही तसेच. पोरं आधी हसली, मग घाबरली, मग भेंड्या खेळायला लागली. पूर्वेकडून तांबडा चंद्र वर आला आणि तेवढ्यात कडेच्या झाडावर एका मुलीनं बॅटरी मारली. पांढरी फुलं उमलत होती, दाढीच्या ब्रशासारखी, केसरच केसर. ती पांढरी चिपी. तिची फुलं रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत केसर गळून पडतात, म्हणून दिवसा जाणाऱ्याला झाडाखाली नुसता पांढरा सडा दिसतो. आमच्या सरांनीही ती उमललेली कधी पाहिली नव्हती. त्या रात्री त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, त्याचं श्रेय मी चिपीला देतो. हीच पांढरी चिपी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड झाली. असा वृक्ष जाहीर करणारं आपलं पहिलं राज्य. पेपरात बातमी वाचली तेव्हा मला आधी चप्पल आठवली.

कागलहून अकरावी विज्ञानची एक विद्यार्थिनी: *आमच्या शेतात पाणी जास्त झालं की जमीन खारवते आणि ऊस जळतो. मग ही झाडं समुद्राच्या पाण्यात कशी जगतात? पुस्तकात फक्त ‘अनुकूलन’ असं लिहिलंय.*

पोरी, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. ‘अनुकूलन’ हा शब्द लिहिला की मार्क मिळतात आणि विचार थांबतो.

तिवर आणि कांदळ ही खारफुटीतलीच दोन झाडं. तिवराचं पान तोडू नकोस, झाडावर असतानाच जिभेनं चाट. खारट लागेल. तिवर खारं पाणी आत घेतो आणि मीठ पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतो. सकाळी उन्हात पान तिरकं धरून बघितलंस तर मिठाचे कण चमकताना दिसतात. आमच्या प्रयोगशाळेत तिवराचा नमुना वाळवला की कागदाला ओल सुटायची. मीठ हवेतला दमटपणा ओढून घ्यायचं. पावसाळ्यात तो गठ्ठा मी बल्बाजवळ ठेवायचो.

कांदळाची रीत वेगळी. तो मीठ आतच घेत नाही. त्याची मुळं पाणी ओढतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवतात. म्हणून कांदळाचं पान चाटलंस तर काही लागणार नाही. दोन शेजारी, एक आत घेऊन बाहेर टाकणारा, दुसरा दारातच नको म्हणणारा. तुमच्या उसाला यातलं काहीच येत नाही. बिचारा येईल ते पितो आणि मरतो.

पण मीठ हे अर्धंच दुखणं. चिखलात हवा नसते. तुमच्या शेतात पाणी तुंबलं की ऊस पिवळा पडतो, तो मुळं गुदमरतात म्हणूनही. खाडीच्या चिखलात तर कायमचंच तुंबलेलं. म्हणून तिवर आणि चिपी आपली मुळं चिखलातून उलटी, वर आकाशाकडं काढतात. ओहोटीला ती हजारोंनी उभी दिसतात. तिवराची पेन्सिलीएवढी, चिपीची जाड, सुळक्यासारखी. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाते. कांदळ तसं करत नाही. तो खोडातून कमानीसारखी मुळं खाली सोडतो आणि टेकू लावून उभा राहतो. लांबून बघितलं तर झाड कोळ्यासारखं पायांवर चालत येतंय असं वाटतं.

चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याचं कारणही हेच. बिनहवेत जगणारे जिवाणू तो वायू सोडतात. लोक नाक दाबून म्हणतात, ‘घाण आहे.’ जयंती नाल्याचा वास आणि हा वास यात फरक आहे, हे कोल्हापूरकराच्या नाकाला कळायला हवं.

कांदळाची पोरं तर झाडावरच रुजतात. फळातलं बी खाली पडायची वाट बघत नाही, आईच्या अंगावरच त्याला कोंब येतो आणि वीतभर ते हातभर लांब हिरवी शेंग लोंबायला लागते. ती शेंग नाही, ते अख्खं रोप आहे. सुटलं की ओहोटी असेल तर खाली चिखलात रुतून उभं राहतं, भरती असेल तर तरंगत दुसरीकडं जातं.

तुला पुढं शिकायचं असेल तर लांब जायला नको. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खारफुटीच्या मीठ सोसण्यावर १९७०च्या दशकापासून काम झालंय. समुद्र दीडशे किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री, आणि खारफुटीचा अभ्यास आमच्या सागरमाळावर! बाहेरच्यांना हे सांगितलं की खोटं वाटतं.

मंगळवार पेठेतून एक तरुण मंडळाचे कार्यकर्ते: *कांदळाची रोपं आणून रंकाळ्याच्या काठानं लावली तर? पर्यटनाला नाद खुळा आयटम होईल. मंडळ खर्च करायला तयार आहे.*

भावा, नको. आधी कायद्याचं सांगतो. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली खारफुटीची तोड थांबवली आणि २०१८ च्या निकालात तिची नासधूस म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं स्पष्ट म्हटलं. सरकारी जमिनीवरची खारफुटी वन म्हणून जाहीर आहे. पोतं भरून रोपं घेऊन आंबोलीच्या नाक्यावर सापडलात तर मंडळाची मिरवणूक वेगळ्याच ठिकाणी निघेल.

दुसरं, ते झाड मिठाशिवाय लगेच मरत नाही. त्याला मीठ सोसतं, पण हवंच असतं असं नाही. हे मी छातीठोक सांगतो, कारण हा गुन्हा मी केलाय. १९८७ साली एक कांदळाचं रोप पिशवीतून घरी आणलं आणि परड्यातल्या जुन्या हौदात चिखल घालून लावलं. अकरा महिने होतं. सहा पानं आली. मी रोज जाऊन बघायचो आणि शेजाऱ्यांना दाखवायचो. मग थंडीत पानं गळली आणि आमच्या आईनं वाळकी काठी समजून एका सकाळी ती बंबात घातली. पाणी चांगलं तापलं होतं, असं ती नंतर म्हणाली.

पण एक रोप जगणं वेगळं आणि खारफुटी होणं वेगळं. तिला दिवसातून दोनदा येणारं-जाणारं पाणी लागतं. त्या पाण्याबरोबर गाळ येतो, माशांची पिल्लं येतात, पडलेला पाला बाहेर जातो. रंकाळ्यात येतं ते काय येतं, हे तुम्हाला माहीत आहे. मंडळाला खर्चच करायचा असेल तर तिथली जलपर्णी काढा, मी झेंडा घेऊन पुढं चालतो.

गोड्या पाण्यात उभी राहून श्वास घेणारी मुळं बघायची हौस असेल तर दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची दलदल आहे. महाराष्ट्रात असलं जंगल फार थोडं. तिथं मुळं चिखलातून गुडघा काढल्यासारखी वाकून वर येतात आणि परत आत जातात. ती गावानं देवाची म्हणून राखलेली जागा आहे. चार जण जा, चाळीस नको. गावातला माणूस सोबत घ्या आणि मुळांवर पाय देऊ नका.

इचलकरंजीहून ७१ वर्षांच्या एक वाचक: *मुलगा म्हणतो, आई तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. मला चिखलात उतरायचं नाही, फक्त बघायचंय. जमेल का?*

मावशी, मुलाला सांगा की खारफुटी ही गुडघेदुखीवाल्यांसाठीच आहे. दाजीपूरला चालावं लागतं, रायगडाला चढावं लागतं, इथं बसायचं असतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून होडीतून खारफुटी दाखवतात. वल्ह्यानं चालणारी होडी, इंजिनाचा धडधडाट नाही, त्यामुळं खंड्या पक्षी दहा हातांवर बसून राहतो. झाडाचं नाव त्याच सांगतात आणि कुठल्या मुळाशी कालवं धरतात, कुठं कुर्ल्या सापडतात, तेही. पुस्तकातला माणूस हे सांगू शकत नाही.

अडचण एकच, होडीत चढणं आणि उतरणं. फार ओहोटी असेल तर काठ आणि होडी यांच्यात निसरडी उतरण तयार होते. तुमच्यासाठी भरती नुकतीच उतरायला लागलेली वेळ घ्या, पाणी काठाजवळ असतं. मुळं थोडी कमी दिसतील. फोनवर वेळ ठरवताना ‘गुडघे दुखतात’ असं स्पष्ट सांगा, लाजू नका. टोपी, पाणी आणि बसायला घडी केलेलं एक पोतं. होडीची फळी तासाभरानं टोचते.

होडी नकोच असेल आणि मुंबईकडं लेक-नातवंडं असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खारफुटीतून चालायला बांधीव वाट आहे. ठाण्याच्या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्यही (२०१५ साली जाहीर झालेलं) तिथूनच बघतात. तिथल्या होड्यासुद्धा भरती बघूनच सुटतात.

गारगोटीहून एक शिक्षक: *आम्हाला हाकेच्या अंतरावर राधानगरीचं जंगल असताना चिखल बघायला घाट उतरून का जायचं? आणि जायचंच तर जंगल आणि खाडी एका फेरीत होईल का?*

गुरुजी, तुमच्या पहिल्या प्रश्नातला टोमणा मला आवडला. राधानगरी माझंही पहिलं प्रेम. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं, ३५१ चौरस किलोमीटरचं, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात असलेलं. सावराई सड्यावर उभं राहून जे वाटतं ते मला खाडीत कधी वाटलेलं नाही, कबूल.

पण एकदा त्या घाटमाथ्यावर पावसात उभे राहा आणि पाण्याकडं बघा. पश्चिमेच्या कड्यावरून पडलेला थेंब ओढ्यानद्यांतून जेमतेम साठेक किलोमीटर जातो आणि सिंधुदुर्गातल्या एखाद्या खाडीत तिवराच्या मुळाशी पोचतो. त्याच्या शेजारीच, चार हात पूर्वेला पडलेला थेंब भोगावतीत येतो. मग पंचगंगा. मग नरसोबाच्या वाडीला कृष्णा. मग अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा बंधारा. वाटेत कुणी अडवला नाही, कुणी उसाला घातला नाही, तर हजाराहून जास्त किलोमीटर चालून तो हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतो. आणि कृष्णेच्या त्या मुखाशी काय आहे? खारफुटीच. आंध्र सरकारनं तिथं कृष्णा वन्यजीव अभयारण्य केलंय. म्हणजे दाजीपूरचं पाणी कुठल्याही बाजूनं उतरलं तरी शेवटी चिखलातच जातं. घाट उतरून गेलात की तुमच्याच जंगलाचा दुसरा शेवट बघाल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा निराश करणारं. कोल्हापूर-आजरा-आंबोली-सावंतवाडी-वेंगुर्ला हा रस्ता अगदी सोयीचा, थांबत गेलं तरी पाच तासांत होतो. आंबोलीत मध्ये उतरून हिरण्यकेशीच्या उगमाशी जाता येतं. तिथल्या महादेवाच्या कुंडात २०२० साली एक नवीन मासा सापडला, नदीचंच नाव त्याला मिळालं आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात पाय धुऊ नका, मासा बोटाएवढाही नाही. पण आंबोलीचं खरं रूप जून ते सप्टेंबर. आंबोली टोड नावाचा बेडूक, जो आंबोलीच्या परिसराबाहेर क्वचितच कुणाला दिसलाय, तो पावसातच बाहेर पडतो. आणि पावसात खाडीतल्या होड्या बंद, पाणी गढूळ, वारा वेडा. दाजीपूरही पावसाळ्यात बंद असतं. त्यामुळं बेडूक आणि खारफुटी एका फेरीत नाही. जंगल कोरडं चालत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दोन्ही करा: पहिला मुक्काम आंबोलीत, पहाटे शेकरू आणि धनेश, दुसऱ्या दिवशी तिथी बघून खाडी.

पोरांना घेऊन जाणार असाल तर खाडीत पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, असा नियम करा. माणूस गप्प झाला की चिखल हलायला लागतो. बिळांतून खेकडे येतात. नराचा एक डेंगा अंगापेक्षा मोठा, तो हात दाखवून बोलावल्यासारखा वरखाली करतो. आणि निवट्या बघा. मासा असून पाण्याबाहेर पंखांवर घसरत चालतो, डोळे डोक्यावर, बेडकासारखे. सातवीच्या एका पोरानं मला विचारलं होतं, “सर, ह्यो मासा हाय का बेडूक, त्येलाच ठरंना झालंय का?” यापेक्षा चांगलं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

शिरोळ तालुक्यातून: *२०१९ आणि २०२१ च्या महापुरात घर बुडालं. खारफुटी पूर अडवते म्हणतात. मग आपल्या नदीकाठी असं काही लावता येणार नाही का?*

खारफुटी लाट अडवते, पूर नाही. वादळात समुद्राकडून येणाऱ्या लाटेचा जोर तिच्या मुळांच्या जाळीत मोडतो. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात ज्या गावांपुढं रुंद खारफुटी उरली होती तिथं माणसं कमी दगावली. पण घाटातून खाली येणाऱ्या पाण्याला कुठलंच झाड थांबवत नाही. त्याला पसरायला जागा लागते. खाडीत ती जागा खारफुटी धरून ठेवते. आपल्याकडं ती जागा म्हणजे नदीकाठची गवताळ कुरणं आणि सखल माळ होते. त्यांवर आपण काय बांधलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. लावायचंच असेल तर नदीकाठी करंज, उंबर, वाळुंज लावा, माती धरतील. पण पूररेषेत भराव पडत असेल तर आधी त्याविरुद्ध अर्ज करा.

कसबा बावड्यातून एक वाचक: *मगरी आहेत का?*

गोव्यात चोडण बेटाच्या पक्षी अभयारण्याकडं जाणार असाल तर आहेत, त्या बाजूच्या कालव्यात मगरी राहतात. कुठल्याही खाडीत हात पाण्यात सोडून बसू नका. मगरीपेक्षा मुळांवरची कालवं जास्त जणांना कापतात.

लक्ष्मीपुरीतून एक चर्मव्यावसायिक: *खाडीत पायात काय घालावं? आणि येताना काय आणावं?*

पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधलेली, आत मोजे. गमबूट नको, चिखल तो धरून ठेवतो आणि पाय एकटा वर येतो. कोल्हापुरी तर अजिबात नको. तुम्ही धंद्यातले, खाऱ्या पाण्यानं कातड्याचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. गंमत अशी, की खारफुटीच्या सालीतही टॅनिन भरपूर असतं. पूर्वी किनाऱ्यावर त्यात जाळी रंगवायचे आणि कातडी कमवायचे. म्हणजे माझी आचऱ्याची कापशी गेली तीसेक वर्षं त्याच चिखलात पुन्हा कमावली जात असेल. कुणाला सापडली तर डाव्या पायातली आहे, नऊ नंबर, गोंड्याची.

येताना वेंगुर्ल्याहून काजू आणि आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ. खेकडे आणायचे असतील तर जिवंतच आणा आणि गाडीच्या डिकीत नीट बांधून ठेवा. आमचा एक आंबोली घाटात सुटला होता.